शाईला न भुलणारी

डबा खाऊन डॉ. वैजयंती प्रयोगशाळेतल्या टेबलावर घटकाभर डोकं टेकवते. पंख्याची घरघर लांब लांब जाते आणि समोरच्या स्टुलावर हळबे सर दिसतात. तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवलं ते यांनीच. जाऊन दोन वर्षं झाली, पण बशीतून चहा पिणं काही सुटलेलं नाही.

"झोपा काढ, वैजू! तिकडे तुझ्या खो-खोच्या मास्तरला बायकोचं नाव आठवेना झालंय."

प्रल्हाद वाघचौरे. शाळेत खो-खो शिकवणारा धडधाकट माणूस. डोकं ठणकायला लागलं, मेंदूचा टीबी म्हणून गोळ्या सुरू झाल्या, आणि गुण म्हणाल तर काडीचा नाही. त्याच्या मणक्यातून काढलेलं पाणी इथेच तपासलं होतं.

"बुरशीसाठी शाई घालून बघितलंस?"

"डॉक्टरांनी लिहिलंच नव्हतं, सर. एचआयव्ही नाही, साखर नाही. अशा पैलवानाच्या मेंदूत बुरशी कुठली?"

"बुरशी काय रिपोर्ट वाचून घरात शिरते?"

ती हसते. हसता हसता पायाखाली माती लागते. शाळेचं मैदान आहे. मास्तर मुलांच्या रांगेत पाठमोरे उकिडवे बसलेत. सर बशी कलंडवतात. चहा नाही, काळी शाई. ती मैदानभर पसरते, सगळं बुडवते. मास्तरांभोवती मात्र गोल उजेड तसाच राहतो. शाई त्याला शिवत नाही.

"बघत काय बसलीस? खो दे त्याला!"

तिला रडू येतं. सरांना थांबा म्हणायचं असतं, पण आधी पळावं लागतं. ती मास्तरांच्या पाठीवर, सुई टोचलेल्या जागी, तळहात मारते.

"खो!"

स्वतःच्याच आवाजानं ती जागी होते. शाईची बाटली कपाटात, झाकण घट्ट. तळहात मात्र काळाभोर.

मणक्यातल्या पाण्याचा शेवटचा थेंब कधी टाकायचा नाही, हा सरांचा दंडक. फ्रिजमधली नळी म्हणूनच अजून आहे. काचपट्टीवर थेंबभर पाणी, थेंबभर शाई. ती डोळा लावते. काळोखात गोल, उजळ कडी, एक नाही, कितीतरी. शाईला आत न घेणारी बुरशीची कवचं.

ती वॉर्डला फोन लावते.

"वाघचौरेंना टीबी नाही, बुरशी आहे. मी डोळ्यांनी बघितलीय. औषध आत्ताच सुरू करायला सांगा, आणि बाहेर त्यांच्या पत्नी बसल्यात, त्यांनाही सांगा."

फोन ठेवते तेव्हा रिसीव्हरवर तिचा तळहात काळा उमटलेला असतो.