माहेरच्या आडाचं पाणी

माझ्या सासरी परसात आड होता. कोल्हापुरात तेव्हा गल्लीच्या तोंडाशी नळ होता, कळंब्याच्या तळ्याचं पाणी यायचं. पण सासूबाईंच्या लेखी ते भांडी घासण्यापुरतं. प्यायला आडाचंच. त्या आडाचा केवढा तोरा! परजातीची बाई कट्ट्याला शिवली तर पाणी विटाळायचं. आडाला लागूनच टोपलीचा संडास होता, पावसाळ्यात त्याची घाण जमिनीत मुरायची, ती मात्र विटाळात बसत नव्हती. दुहेरी फडक्यानं गाळलं की झालं पाणी शुद्ध. त्या शुद्धतेचा मला आजही संताप येतो.

त्या श्रावणात नणंद पहिल्या बाळंतपणाला शाहूवाडीकडून आली. तिला डोहाळे चिंचेचे नव्हते, कैरीचे नव्हते. टांग्यातून उतरल्या उतरल्या म्हणाली, "वैनी, आधी आडाचा तांब्या दे की!"

गावात पटकी सुरू होती. नगरपालिकेचा माणूस आला, आडात लाल औषध टाकून गेला. आज उपसू नका, उकळून प्या, असं बजावून गेला. त्याची पाठ वळताच सासूबाई कडाडल्या, "मेल्यानं आड बाटवला!" शेजारणी गोळा झाल्या. पाळीपाळीनं पोहरे ओढत, गुलाबी पाणी केळींना घालत, त्यांनी पाणी पांढरं येईपर्यंत आड उपसला. मग नारळ फोडून आडाला हळदीकुंकू वाहिलं.

"अहो, औषध आहे ते, राहू द्या," मी म्हणाले.

"माझी लेक पोटुशी हाय. तिला इखाचं पाणी पाजू व्हय?"

यजमानांनी पेपर तोंडासमोर धरला. मग मी कोणाशी भांडणार?

दोन दिवसांनी सकाळी नणंदेला उलट्या-जुलाब लागले. डॉक्टर येईपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते. ती पाणी पाणी करत होती आणि सासूबाई तिला चमच्यानं आडाचंच पाजत होत्या. डॉक्टरांनी परसात जाऊन आड पाहिला, शेजारचा संडास पाहिला. हात धुवायला नळाचं पाणी मागितलं. दिवस मावळायच्या आत ती गेली, पोटातल्या जिवासकट.

भेटायला येणारा प्रत्येकजण नशिबाला बोल लावायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. नशीब काय पोहरा घेऊन आलं होतं?

ती जिथं गेली तिथं रीतीप्रमाणे दिवा आणि पाण्याचा तांब्या ठेवला. सासूबाई रोज सकाळी तो आडाच्या पाण्यानं भरायच्या, गाळून. एके दिवशी मला राहवलं नाही. तांब्या मोरीत ओतला आणि नळाचं पाणी भरून ठेवला.

सासूबाईंनी ते पाहिलं. मला वाटलं, आता आकांत करतील. त्यांनी शांतपणे तांब्या रिकामा केला.

"तिला नळाचं आवडत न्हवतं गं," म्हणाल्या, आणि पोहरा घेऊन आडाकडं गेल्या.