बापटआत्या आणि निदानाचा रकाना

कुठलाही कागद हातात आला की बापटआत्या तो आधी नामंजूर करायच्या, मग वाचायच्या. माझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका घेऊन मी वरच्या मजल्यावर गेलो, तर चष्मा लावून म्हणाल्या, "सायंकाळी म्हणजे किती वाजता? नामंजूर." पत्रिका परत माझ्या हातात. रेल्वेच्या दावे कार्यालयात त्यांची उभी हयात गेली होती. मालगाडीत कुजलेले आंबे, फुटलेल्या बरण्या यांची भरपाई मागणारे अर्ज त्यांच्या टेबलावर येत आणि बहुतेक तिथूनच परत जात. झाशीतल्या आमच्या मूठभर मराठी घरांत त्या सगळ्यांच्या आत्या होत्या, सख्ख्या मात्र कुणाच्याच नव्हत्या.

मी मानसोपचार करतो, म्हणजे गोळ्या न देता, बोलून. दतिया गेटजवळ त्यांच्याच इमारतीत खाली माझ्या दोन खोल्या. ज्याची भीती वाटते ते टाळू नका, असं मी लोकांना रोज सांगतो. ज्या टेबलाशी बसून सांगतो त्याच्या खणात विमा कंपन्यांकडून आलेली न उघडलेली पाकिटं असत. जाड पाकिटात प्रश्न असतात आणि पातळ पाकिटात नकार, एवढं ज्ञान मी पहिल्या दोन-चार पाकिटांवरून मिळवलं होतं आणि पुढची उघडायचं सोडून दिलं होतं. एक खण भरला तेव्हा मी दुसरा रिकामा केला.

एका दुपारी पोस्टमनने माझं पाकीट आत्यांकडे दिलं. त्या घेऊन आल्या, आणि मी ते सवयीने खणात सरकवलं.

"उघड तो खण," आत्या म्हणाल्या. मी उघडला. त्यांनी वरची दोन-चार पाकिटं उलटून बघितली. "विन्या, तू लोकांची मनं दुरुस्त करतोस ना?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी तीन ते पाच, पेशंट यायच्या आधी, माझी बिलं बघायला येऊ लागल्या. पगाराचं विचारलं तर म्हणाल्या, "चहा दे. आणि पंखा माझ्या बाजूला फिरव." पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून मी एका करारावर सही मागितली. तो परत आला. मी तारीख घातली नव्हती.

माझा गुन्हा त्यांना तासाभरात सापडला. बिलावर निदानाचा एक रकाना असतो. तिथे मी आजाराचं नाव कधी लिहीतच नसे. कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं असे, कुणाचा कागद नवऱ्याच्या ऑफिसातून जाणार असे. म्हणून मी लिहायचो 'मानसिक थकवा', 'अस्वस्थता', एकदा तर 'हळवेपणा'. मला ते फार माणुसकीचं वाटे.

"हळवेपणा?" आत्यांनी कागद लांब धरला. "याची भरपाई मीसुद्धा दिली नसती. भैया, कागदाला रडू येत नाही. त्याला नाव लागतं, तारीख लागते, सही लागते."

"आत्या, मी लोकांची अब्रू राखतो."

"त्यांना विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

त्या पाकिटांत दोन मीराजींची होती. हे नाव मी बदललं आहे. त्यांचे यजमान इथल्या एका कंपनीत इंजिनिअर. दाराबाहेर पाऊल टाकलं की मीराजींची छाती धडधडायची, आता मरतेच असं वाटायचं. यजमान स्कूटरवरून आणत आणि तासभर जिन्यात उभे राहत. उपचारांचा खर्च कंपनीच्या विम्यातून मिळायचा, पण माझ्या 'मानसिक थकव्या'मुळे तो दोनदा नाकारला गेला. "थकान तो हम सबको है, डॉक्टर साहब," यजमान ओशाळून म्हणाले, "अब महीने में एक बार ही ला पाऊँगा." मीराजी नुकत्या कुठे गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊ लागल्या होत्या. महिन्यातून एकदा म्हणजे सगळं पाण्यात, हे मला कळत होतं.

"मी फुकट बघतो त्यांना," मी आत्यांना म्हणालो.

"वा. चूक तुझी, आणि उपकाराचं ओझं तिच्या डोक्यावर." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एरच गावचा एक म्हातारा होता. शिलाईचं मशीन गाडीत हरवलं त्याचं. अर्जात एक रकाना रिकामा सोडला होता. मी परत पाठवला. तो पुन्हा आलाच नाही. मी विचारायला हवं होतं रे, 'बाबा, इथे काय लिहायचंय?' दोन मिनिटांचं काम होतं."

पुढच्या भेटीत मी मीराजींना विचारलं. आधी दहा मिनिटं प्रस्तावना केली, दोनदा पाणी प्यायलो. मग आजाराचं नाव सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर, आणि ते बिलावर लिहू का म्हणून विचारलं.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "इसका नाम है?"

"जी."

"मतलब औरों को भी होता है?"

"बहुतों को."

"छह महीने से आ रही हूँ. आपने बताया क्यों नहीं? मैं तो समझती थी, पागल हो रही हूँ." मग म्हणाल्या, "लिखिए. बड़े अक्षरों में लिखिए."

भिंतीवर माझी पदवी टांगलेली होती, तिच्याकडे बघायची सोय राहिली नाही. त्या शब्दाची भीती त्यांना नव्हती, मलाच होती. अब्रूच्या नावाखाली मी त्यांचा अर्धा उपचार खणात ठेवून दिला होता.

फेरविचाराचा अर्ज आत्यांनी लिहिला. सगळ्या तारखा त्यात होत्या, विशेषण एकही नव्हतं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"पातळ आहे," मी म्हणालो.

"उघड."

आत मंजुरी होती. आत्यांनी ती दोनदा वाचली, मागची बाजूही बघितली आणि चहा मागितला. मीराजींच्या भेटी पुन्हा दर आठवड्याला सुरू झाल्या. नाव कुणामुळे लिहिलं गेलं, ते मी त्यांना सांगितलं होतं. पण पाच वाजता आत्या वर जात आणि मीराजी सहाला येत, त्यामुळे दोघींची गाठ कधी पडली नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेल्या. न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. त्यांच्या एका लांबच्या पुतण्याने घराला कुलूप लावलं. मी पेशंटना आत्या गेल्याचा निरोप पाठवून आठवडाभर दवाखाना बंद ठेवला. उघडला त्या दिवशी दुपारी दारात मीराजी. त्यांची वेळ नव्हती. कपाळावर घाम, एक हात चौकटीवर, आणि मी शिकवला होता तसा सावकाश श्वास.

"उन्हें कभी देखा नहीं," त्या म्हणाल्या, "पर आना था."

"बैठिए. भाईसाहब बाहर हैं?"

"वो ऑफिस में हैं. मैं ई-रिक्शा से आई हूँ. अकेली."

दहा मिनिटं त्या आत्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या आणि आल्या तशाच एकट्या परत गेल्या. मी खिडकीतून त्यांना दतिया गेटच्या गर्दीत शिरताना पाहिलं आणि धावत जिना चढून वर गेलो, आत्यांना सांगायला. दाराला कुलूप होतं. एवढी मोठी बातमी घेऊन मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो.