आधी चहाचं विचारा

सिगारेट कंपनीतला माणूस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं, मला माहितीये. काळा गॉगल, बोटांत धूर. सोडा ते. आमचे सुपरवायझर साहेब शनिवार पेठेतले. खिशात बडीशेपेची डबी आणि कुठल्याही टपरीवर पहिलं वाक्य एकच, "अहो, चहा झाला का?" मग धंद्याचं.

मी वाशीमचा. शाळेत सरांचे आवाज काढून मार खाल्लेला. पुण्यातली पहिली नोकरी साहेबांच्या हाताखाली, स्वारगेटच्या टपऱ्यांवर माल लावायची. पहिल्याच आठवड्यात त्यांचा आवाज काढताना सापडलो. ते मागे दारातच उभे.

"नाक कमी करा," म्हणाले. "मला सर्दी नाहीये."

मग कंपनीचा परदेशातला मोठा साहेब आला. त्याचं गणित सोपं होतं. भारतात वाढायचं तर नवीन गिऱ्हाईक पाहिजे, आणि तरुण पाहिजे. म्हणून सिगारेटची छोटी रंगीत डबी, पुदिन्याचा वास. ठेवायची कुठे, तर क्लासेससमोरच्या टपऱ्यांवर, चॉकलेटच्या बरणीशेजारी.

आम्ही पहिली एका काकांच्या टपरीवर ठेवली. संध्याकाळी अकरावीची पोरं आली, चॉकलेट घेता घेता डबी उचलून वास घ्यायला लागली. साहेबांची बडीशेप हातातच राहिली.

"हे काही बरं दिसत नाही." एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मोठा साहेब तीच टपरी बघायला येणार होता.

मला राहवेना. ऑफिसच्या फोनवरून टपरीवाल्या काकांना साहेबांच्या आवाजात सांगितलं, "ती डबी आत टाका. पोरांना दिसायला नको."

सकाळी मोठा साहेब बघतो तर बरणीशेजारी काहीच नाही. कुणी काढलं, म्हणून त्याने विचारलं. माझी नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो होतो.

"मी," साहेब म्हणाले. हवामान सांगावं तसं.

त्यांचा एरिया काढून घेतला, खडकीच्या गोडाऊनमध्ये बसवलं. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली. काकांनी मात्र ती डबी पुन्हा पुढे ठेवली नाही, कंपनीने कितीही सांगितलं तरी. मी आता बिस्किटं विकतो.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी पाया पडायला वाकलो, आणि वाकलेला असतानाच ऐकून घेतलं.

"अक्कल आहे का तुम्हाला? माझ्या आवाजात फोन करता आणि चहाचं विचारत नाही? काकांना तिथेच कळलं. लगेच मला फोन, साहेब, हे कोण बोललं? मी म्हटलं, मीच, काढा डबी. पुढच्या वेळी आधी चहाचं विचारा. आणि नाक अजून जास्तच होतंय."