वरची रेघ आखूड

पालेगावच्या धर्मराज पेंटरनं अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात चायनीजच्या किती गाड्या रंगवल्या, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लाल पाटीवर पिवळं नाव, एका कोपऱ्यात शेपटी वळवलेला ड्रॅगन आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळी दोन चिनी अक्षरं. ही अक्षरं त्यानं वीसेक वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या बाजारात एका खोक्यावरून उतरवून घेतली होती. अर्थ कुणी विचारला नाही, त्यानंही शोधला नाही.

दिवाळीनंतर तो बेलवलीत राजूच्या गाडीला नवा रंग देत होता. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

“काका, काय लिहिलंय माहितीये का हे?”

समोरच्याच सोसायटीत राहणारी हिमानी होती ती. अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदीचं काम बघायची. तिथली मशिनं चीनमधून येत, म्हणून दोन वर्षं ऑनलाइन चिनी शिकत होती.

“चायनीज लिहिलंय,” धर्मराज म्हणाला.

“‘सांभाळून’ लिहिलंय! काचसामानाच्या खोक्यावर असतं ना, तसं.”

राजू कांदे चिरायचे सोडून बाहेर आला आणि पोट धरून हसला. “काय धरमदादा, एवढी वर्षं माझ्या गिऱ्हाईकांना वॉर्निंग देताय?”

धर्मराजही हसला, पण त्याचे कान तापले. पस्तीस वर्षांत त्याच्या पाटीवरच्या एका वेलांटीतही कुणी चूक काढली नव्हती. शाळेचे गुरुजीसुद्धा शब्द अडला की त्याला विचारत. ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून तो म्हणाला, “मग काय पाहिजे इथं? एकच सांग पोरी, पण बरोबर सांग.”

हिमानीनं वहीचं पान फाडून एक अक्षर काढलं: 味. “हे ‘वेइ’. म्हणजे चव. डावीकडचा छोटा चौकोन म्हणजे तोंड. उजवीकडचा भाग म्हणजे ‘अजून नाही’.”

“तोंड आणि अजून नाही,” धर्मराज पुटपुटला. मग त्याचा चेहरा खुलला. “म्हणजे आपण भुकेनं बसलोय, चुलीवरून वास येतोय आणि घरची बोलते, थांबा, अजून नाही झालं! तेव्हाच तर खरी चव कळते.”

“असं काही नाहीये हो काका, तो भाग नुसता उच्चारासाठी असतो,” हिमानी म्हणाली. पण हसत हसत तिनं ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

धर्मराजला वाटलं, दोन मिनिटांचं काम. अक्षर बघून उतरवणं हाच तर आपला धंदा. त्यानं चौकोन एका फटक्यात गरकन काढला, उजवीकडं दोन रेघा, उभा दांडा, दोन पाय. हिमानीनं मान हलवली. चौकोन तीन फटक्यांत काढायचा, आणि दोन आडव्या रेघांतली वरची आखूड, खालची लांब. त्यानं पुन्हा काढलं. वरची रेघ पुन्हा लांब आली. दहा वेळा काढलं, दहाही वेळा तसंच.

“तुम्ही शिरोरेघ देताय काका.”

खरंच होतं ते. जन्मभर त्याची अक्षरं वरच्या रेघेला लटकत आली होती, दोरीवरच्या कपड्यांसारखी. हे अक्षर कशालाच लटकत नव्हतं. चौकटीच्या मधोमध स्वतःच्या पायांवर उभं होतं.

त्यानं राजूच्या पाटीचा तो कोपरा लाल रंगानं पुसला आणि सांगितलं, “जमलं की येतो.”

घरी ओट्यावरच्या काळ्या कडप्प्यावर तो ब्रश पाण्यात बुडवून लिहू लागला. अक्षर वाळून जायचं, तो नवं काढायचा. सुनंदा, त्याची बायको, पाठीमागून बघायची. एका सकाळी तीच म्हणाली, “आज वरची रेघ आखूड आली बघा.” धर्मराजनं वाळायच्या आत मोबाइलवर फोटो काढला आणि हिमानीला पाठवला. हिमानीनं तो तिला ऑनलाइन चिनी शिकवणाऱ्या पुण्याच्या बाईंना दाखवला. बाईंनी विचारलं, हा विद्यार्थी कोण? याच्या हाताला वजन आहे.

त्या रविवारी राजूच्या पाटीवर ते अक्षर चढलं. हिमानीनं त्याच्याआधी अजून एक अक्षर जोडायला शिकवलं, ‘सुंदर’ या अर्थाचं. दोन्ही मिळून ‘रुचकर’. मग धर्मराज स्वतःचा रंग घेऊन जुन्या गिऱ्हाईकांकडं फिरला. बहुतेकांनी आनंदानं बदलून घेतलं. अंबरनाथ स्टेशनजवळच्या हरिचंद्रनं मात्र हात जोडले. “नको दादा. ‘सांभाळून’ म्हणा की काय म्हणा, माझी गाडी जोरात चालते. लकी अक्षर आहे ते.” धर्मराजनं ते तसंच राहू दिलं, फक्त काळा रंग उजळून दिला.

आता तो रविवारी सकाळी तासभर हिमानीकडं जातो. महिन्याभरात पंधरा अक्षरं झाली. परवा तिनं ‘माणूस’ दिलं: 人. दोनच फटकारे.

“हे तर सोपं आहे,” तो म्हणाला, आणि पानभर काढूनही एक मनासारखं येईना. एक पाय लांबला की दुसरा ढळायचा.

“उद्या बघू का काका?”

“थांब गं,” त्यानं पान उलटलं. “आता येतंय.”