नाईक शिवरामचं एक मिनिट

माझं पोस्टिंग लडाखमध्ये होतं. मी तेव्हा हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. थंडीनं बसू नयेत म्हणून रोज संध्याकाळी पाचला गाड्यांच्या बॅटऱ्या काढून बंकरमध्ये शेगडीजवळ ठेवायच्या. आमचा ड्रायव्हर नाईक शिवराम स्वतःचं कांबळं बॅटरीला गुंडाळायचा आणि आपण कुडकुडत झोपायचा. सकाळी मी सीनियर असूनही हुकूम त्याचाच: "पाच सेकंद स्टार्टर. मग एक मिनिट हात मागे, बॅटरीला दम घेऊ द्या." मी त्याला पंतोजी म्हणून चिडवायचो.

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर भोपाळच्या सरकारी कारखान्यात लागलो, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं. एका जानेवारीत सकाळी सहा वीसला समोरच्या खांडेकरांच्या गाडीचा स्टार्टर घरघरायला लागला, थांबेचना. खांडेकर मूळचे नागपूरचे, ड्रॉइंग ऑफिसात कामाला. मागच्या सीटवर वहिनींना दम्याचा जोरदार ॲटॅक आला होता. टाउनशिपची ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली.

"सुभेदारसाहेब, चालूच नाही होऊन राहिली हो!"

"चावी सोडा."

"अहो, पण हिला..."

"सोडा म्हणतो ना!"

बॉनेट उघडलं. पेट्रोलचा भपकारा आला. घाबरून ॲक्सिलरेटर मारमारून त्यांनी इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर. माझ्या बायकोनं चहाचं आधणच आणून दिलं. त्या पाण्यानं मी टर्मिनल धुतलं, पुसलं, नट आवळला. खांडेकरांना चोक आत ढकलायला लावला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितला.

"पाच सेकंद मारा. बस! आता एक मिनिट थांबा."

मागून वहिनींचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता. खांडेकर माझ्याकडे वैऱ्यासारखे बघत होते. चावी फिरवावी असं मलाही वाटत होतं. मी घड्याळावरची नजर हलवली नाही.

दुसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. सहा एकेचाळीसला दवाखान्यात वहिनींना ऑक्सिजन मिळाला.

संध्याकाळी खांडेकर आले. वहिनी बऱ्या होत्या. "एवढा धीर कुठून आणला हो?" त्यांनी विचारलं.

मग सांगितलं. लडाखमध्ये एका सकाळी शिवराम नको नको म्हणत असताना मी स्टार्टर मारत राहिलो. बॅटरी बसली. दुसरी आणायला तो खालच्या पोस्टकडे पायी निघाला. "उस्ताद, कांबळं सांभाळा," एवढंच म्हणाला. दहाला वायरलेसवर निरोप आला: पोस्टवर कोणी पोचलेलं नाही. वाटेत हिमकडा कोसळला होता.

चूक माझी होती. खांडेकरांनी माझा हात धरला.

कांबळं सांभाळलं आहे. ॲसिडनं त्याला भोकं पडली आहेत. थंडीत मी तेच पांघरतो.