ब्रेक नसलेल्या मोटारसायकली आणि माझी खुर्ची

आनंदाचे प्रसंग मी विसरते. नवऱ्याचं प्रमोशन कधी झालं ते मला विचारू नका. पण ज्याचा ज्याचा मला राग आला, तो माणूस, त्याचा शर्ट, त्याचं वाक्य, सगळं जसंच्या तसं डोक्यात बसलेलं आहे. असे राग वर्षानुवर्षं साठतात आणि लोक त्यांना किस्से म्हणतात! कुणाकडेही पॉटलकच्या जेवणाला जा, ताटं वाढून होतात न होतात तोच कुणीतरी म्हणतंच, "सुनंदा, ते मोटारसायकलवाल्यांचं सांग ना यार!"

सांगते. पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला त्यात काहीही विनोदी वाटलेलं नाही.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नुकतंच इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला टाउनहाऊस घेतलं होतं. मी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. त्यात बाई, त्यात बाहेरून आलेली, त्यात डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांत नवी. मग जे कुणालाच नको ते माझ्या पदरात! एक दिवस आमचा सीनियर म्हणाला, "सुनंदा, शुक्रवारी संध्याकाळी जरा मोकळ्या हवेत बसशील का?"

मोकळी हवा म्हणजे जत्रेच्या मैदानावरचा मातीचा लंबगोल ट्रॅक. स्पीडवे लीगचा, म्हणजे मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींचा सीझन होता. दोन टीम. प्रत्येक रेसला दोघं आपले, दोघं त्यांचे, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. मिनिटभरात खेळ खलास आणि माती उडून माझ्या केसांत. उन्हाळाभर आमच्या टीमच्या घरच्या मॅचेसना मी ट्रॅक डॉक्टर.

टीमचा मालक, मॅनेजर आणि मैदानाचा चालक, तिन्ही एकच माणूस. रॉय. मोठी हॅट, मोठं पोट, आवाज त्याहून मोठा. पहिल्याच दिवशी तो मला कौतुकानं मोटारसायकल दाखवत होता. मी खाली वाकून, वळसा घालून बघितलं आणि विचारलं, "ब्रेक कुठे आहे?"

"नाही."

"म्हणजे तुटलाय?"

"नसतोच! डॉक, ब्रेक फार धोक्याचा. पुढच्यानं दाबला तर मागचा त्याच्या अंगावर चढेल ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मग हँडल तरी कशाला ठेवलंय? तेही काढून टाका!"

रॉयनं खरंच विचार केला. मग म्हणाला, "नाही डॉक. धरायला काहीतरी लागतं."

*

आमच्या टीमचा हिरो म्हणजे डॅनी. बावीस-तेवीसचा असेल. दिवसा गॅरेजमध्ये काम करायचा, शुक्रवारी हवेत उडायचा. एकदा पडला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. मी स्वतः त्याला हॉस्पिटलात नेऊन आमच्या हाडांच्या डॉक्टरकडून प्लास्टर घालून घेतलं आणि बजावलं, "सहा आठवडे मोटारसायकलला हात लावायचा नाही."

पुढच्या शुक्रवारी बघते तर हा हेल्मेट घालून तयार! प्लास्टर गायब.

"प्लास्टर कुठाय?"

"निघालं."

"आपोआप?"

"गॅरेजमध्ये पत्रा कापायची कात्री होती…"

मी त्याला मराठीत काय काय बोलले ते इथे मुलं आहेत म्हणून सांगत नाही. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण मान खाली घालून उभा राहिला. मी परत प्लास्टर घालायला नेणार, तेवढ्यात रॉय धावत आला. मला वाटलं, माफी मागतोय.

"डॉक, या वेळी त्या हाडांच्या डॉक्टरला सांग, त्याची मूठ हँडलला धरून तसंच प्लास्टर घाला!"

*

नियम असा होता, आणि हा नियम नीट ऐका. मैदानाच्या मधल्या गवतावर ॲम्ब्युलन्स, तिच्या शेजारी माझी घडीची खुर्ची. वर मनोऱ्यात रेफरी. खुर्चीत डॉक्टर दिसली तरच तो हिरवा दिवा लावणार. खुर्ची रिकामी तर रेस नाही.

आता माणूस म्हटल्यावर बाथरूमला जावं लागतं की नाही? एकदा दोन रेसच्या मधे मी गेले. गर्दी, लाइन, त्यात उशीर. आत असताना मैदानभरच्या लाऊडस्पीकरवरून आवाज आला, "लेडीज अँड जेंटलमेन, आपली डॉक्टर लेडीज रूममधून बाहेर आली की पुढची रेस सुरू होईल!"

बाहेर आले तर हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत! सगळ्यांत जोरात कोण वाजवत होतं? माझा नवरा. हा अरविंद. घरी कधी आवाज न चढवणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात टीमची टोपी घालून स्टँडमध्ये शिट्ट्या मारायला लागला होता. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही, तो पॉइंट्सची बेरीज करत होता.

*

आमच्या नेहाच्या शाळेत टीचरनं विचारलं, तुझी मॉम काय करते? बाकीच्या मुलांनी सांगितलं, नर्स, टीचर, बँकेत. आमच्या कन्येनं सांगितलं, "She sits in a chair and gets mad at men."

टीचरनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मला वाटलं, समजावून सांगावं लागणार. तर ती बाई हळूच म्हणते, "असा जॉब आणखी कुठे आहे का?"

*

मंडळाच्या गणपतीला तर कहरच झाला. गाडीला चिखल, माझ्या बुटांना चिखल. मंडळातले एक सीनियर काका, नाव नाही घेत, सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनंदा, अगं त्या गुंड पोरांत काय जातेस? इथे आपल्या लोकांना मान आहे."

म्हटलं, "काका, ती पोरं रोज मोडतात आणि रोज उठतात. तुमचा खांदा सहा महिन्यांपासून दुखतोय आणि तुम्ही डॉक्टरकडे जायला घाबरता."

आरती सुरू झाली म्हणून वाचले. काका वाचले म्हणतेय मी!

*

आता डब्याचं. डोक्याला मार लागला की आम्ही प्रश्न विचारतो. आज वार कोणता? तर एकेक जण डोळे फिरलेल्या अवस्थेतसुद्धा ठणकावून सांगायचा, "फ्रायडे!" अरे गाढवांनो, मॅच शुक्रवारीच असते! समोरची टीम कुठली? ते तर पाठीमागे फलकावर लिहिलेलं. आणि रॉय मागे उभा राहून ओठ हलवायचा ते वेगळंच. त्याला पोरं ट्रॅकवर हवी होती, डोकं जागेवर असो वा नसो.

मग मी माझी युक्ती काढली. तिथे खायला बीफच्या हॉटडॉगशिवाय काही मिळायचं नाही, म्हणून मी घरून डबा नेत असे. मॅचच्या आधी पिट्समध्ये, म्हणजे मोटारसायकली तयार करतात त्या आवारात, एक चक्कर मारायची आणि आपल्या प्रत्येक पोराच्या हातावर वेगळा पदार्थ ठेवायचा. एकाला शंकरपाळी, एकाला चकली, एकाला बेसनाचा लाडू. कोणाला काय दिलं ते मला आणि त्यालाच ठाऊक. पडला की विचारायचं, "मी तुला काय दिलं होतं?" नाव नाही आलं तरी चालेल. गोल होतं, गोड होतं, एवढं सांग.

लाडू पहिल्यांदा डॅनीला दिला. त्यानं डोळे मिटून खाल्ला. म्हणाला, "माझी मॉम पीनट बटरचं असंच काहीतरी करायची. मी हायस्कूलमध्ये होतो तेव्हा ती गेली."

मला इतका राग आला! कशाचा ते विचारू नका. आणखी एक लाडू दिला आणि म्हटलं, "गप खा."

*

सीझनची शेवटची मॅच आमच्याच मैदानावर. जिंकलो तर लीग आमची. स्टँड्स खचाखच. एक रेस बाकी आणि दोन्ही टीम बरोबरीत. त्या एका रेसवर डॅनीचा सगळा उन्हाळा टांगलेला. जिंकला तर इंग्लंडच्या एका टीमकडून त्याला बोलावणं येणार होतं. पिट्समध्ये सगळ्यांना माहीत होतं.

त्याच्या आधीच्याच रेसमध्ये डॅनी पडला. वळणावर पुढचा घसरला, हा त्याच्यावर, आणि डोकं सरळ फळ्यांच्या कुंपणावर. मी पोचेपर्यंत हा उठून उभा! हात हलवतोय, लोक नाचतायत. चालत पिट्समध्ये गेला. मी मागोमाग.

"डॅनी, माझ्याकडे बघ. आज मी तुला काय दिलं होतं?"

त्यानं तोंड उघडलं. आणि त्याच्या पाठीमागून रॉय म्हणाला, "चकली!"

"चकली," डॅनी म्हणाला.

रॉय हसला. "बघ! बरोबर आहे ना? तुझाच प्रश्न, तुझाच नियम!" मी चकली देत असताना मेला टायरमागे उभा राहून बघत-ऐकत होता!

मी म्हटलं, "हा मुलगा आता गाडीवर बसणार नाही."

"डॉक," तो म्हणाला, "तू इथे खुर्चीत बसायला आहेस. जा, बस खुर्चीत."

बरं. मी मैदानाच्या मधे गेले, खुर्चीची घडी घातली, काखेत मारली, आणि गेटमधून पार्किंगमध्ये चालती झाले. खुर्ची गाडीच्या ट्रंकमध्ये टाकली, आत बसले, काचा वर केल्या.

रेफरीनं दिवा लावला नाही. लावूच शकत नव्हता! पाच मिनिटांत अख्खं मैदान माझ्या नावानं बोंबलायला लागलं. त्यात अरविंदही होता. तो आजही नाही म्हणतो, नेहा हो म्हणते.

रॉय धावत आला. काचेवर मुठी आपटल्या, शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा शिव्या. मी समोर बघत बसले. राग होता, आणि भीतीसुद्धा. वाटत होतं, पोरगा खरंच बरा असला तर? मग मी काय केलं हे?

तेवढ्यात डॅनीच आला. एका हातात हेल्मेट, डाव्या पायात वळणावर जमिनीला टेकवायचा तो लोखंडी बूट, खणखण वाजवत. चेहरा लालबुंद.

"सांग तिला, पोरा!" रॉय म्हणाला.

मी काच खाली केली. आणि सांगितलं त्यानं! तू माझं वर्ष खाल्लंस, तुझा काय संबंध, तुझ्या देशात परत जा, चकली म्हटलं ना मी, चकली, चकली! माझ्या टायरला अशी लाथ घातली की गाडी हलली. खरं तर त्या क्षणी मला वाटलं की आपण हरलो. एवढं खणखणीत बोलतोय तर डोकं ठीकच असणार.

मग तो थांबला. इकडेतिकडे बघितलं. गाडीला वळसा घालून आला, पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी बसला, लोखंडी बूट काढून पायाशी नीट ठेवला, सीटबेल्ट लावला.

"मॉम," तो हळूच म्हणाला, "तुझा राग गेला की निघू या घरी."

मी हॉर्नवर हात दाबला, तो ॲम्ब्युलन्स येईपर्यंत उचलला नाही.