कॅप्टनसाहेबांच्या होडीची फट

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाहीतर राहू द्या. या प्रकरणावरून आमच्या घरी इतकी वर्षं माझी टिंगल चालली आहे, की हल्ली कुणी नुसतं ‘होडी’ म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. आणि एक स्पष्ट सांगतो, चूक माझ्या एकट्याची नव्हती. निदान सुरुवातीला तरी नव्हती.

तेव्हा मी हैदराबादेत, जामबागेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. देशाची दारं नुकतीच उघडली होती. आबिड्सच्या दुकानांत विलायती वस्तू राजरोस मांडलेल्या, घरोघरी केबल टीव्ही आलेला. शेजाऱ्यांनी मोटार नोंदवली, समोरच्यांनी वॉशिंग मशीन आणलं. मग मी काय घोडं मारलं होतं? मला शिडाची होडी हवी होती. टीव्हीवर परदेशातली माणसं पांढरं शीड लावून निळ्या पाण्यावर जाताना बघितली आणि मनात आलं, आपल्या गावाच्या मधोमध एवढा हुसेनसागर पडलाय, तो काय नुसता नाक दाबून ओलांडायला?

सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती पुण्याची. ती म्हणाली, “आधी स्कूटर एका लाथेत सुरू होईल एवढं बघा.”

पण योग होता. सिकंदराबादेत एक निवृत्त गृहस्थ राहायचे, जन्म जहाजावर काढलेले. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे. मुलाकडे अमेरिकेला कायमचे निघाले होते, बंगला बिल्डरला दिला होता, आणि अंगणात आंब्याखाली त्यांची जुनी होडी पडून होती. वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. आत पाचोळा, पाचोळ्यात कोंबडी, कोंबडीखाली अंडी.

कॅप्टनसाहेबांना दिसायचं कमी, चालायचे काठी टेकत. होडी त्यांनी जवळजवळ फुकटच दिली. अट एकच घातली.

“मास्टर साब, हमारे जाने से पहले एक बार इस को पानी पे चलते देखना है. बस. फिर आप जानो, आप की नाव जाने.”

मी शब्द दिला. त्यांनी शीड दिलं, डोलकाठी दिली, सुकाणू दिलं, आणि चादरीत गुंडाळलेली एक लाकडी फळी दिली. म्हणाले, “सामान पूरा है. कुछ समझ में नहीं आया तो बेझिझक पूछ लेना.”

मी विज्ञानाचा मास्तर. वस्तू पाण्यावर का तरंगते हा धडा दरवर्षी चार तुकड्यांना शिकवणारा. मी काय विचारणार त्यांना?

होडी टेम्पोत घालून घरी आणली, अंगणात दोन पिंपांवर पालथी घातली आणि नरसिंहलूला बोलावलं. नरसिंहलू आमचा सुतार. तो रंग खरवडायला लागला आणि तासाभरात त्यानं हाक मारली, “सर, इधर आओ. नाव में छेद है.”

गेलो. बघतो तर काय, होडीच्या तळाला, बरोब्बर मधोमध, हातभर लांब फट. आरपार. मी होडीखाली वाकून आतून बघितलं, तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या फटीवर आतल्या बाजूनं एक उभी, अरुंद लाकडी पेटी ठोकून बसवलेली. म्हणजे फट दिसू नये म्हणून वरून पेटी! तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? इतका अदबशीर म्हातारा, पाहुण्याला उभ्या उभ्या दोनदा चहा पाजणारा, आणि काम हे?

सुधा पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, “फट इतकी सरळ कशी हो? भेग वाकडीतिकडी जाते. आणि हिच्या कडा तर घासलेल्या आहेत.”

“फसवणूक सफाईदार आहे म्हणून,” मी म्हणालो.

“त्यांना विचारा तरी एकदा.”

“चोराला विचारायचं, की बाबा चोरी केलीस का?”

ती काही न बोलता आत गेली. तिचं ते न बोलणं मी तेव्हा संमती समजलो. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर अशी चूक कुणी करतं का?

संध्याकाळी कॅप्टनसाहेबांना पत्र लिहिलं. घोटून घोटून, साजूक हिंदीत. ‘रंग खुरचते ही वह बात सामने आ गई, जो आपने छिपाई थी. एक बुज़ुर्ग से यह उम्मीद न थी. ख़ैर, मैं अपने हाथों से उसे मिटा दूँगा.’

सुधानं वाचलं आणि विचारलं, “यात फट कुठं आहे?”

“अगं, हे हैदराबाद आहे. इथं एखाद्याचा दोष नाव घेऊन सांगत नाहीत. भल्या माणसाला इशारा पुरतो. आमची चौथी पिढी आहे इथं, पुण्यासारखी दारावर पाटी लावायची पद्धत नाही.”

चार दिवसांनी उत्तर आलं. थरथरत्या अक्षरात. ‘आप का ख़त मिला. बहुत शर्मिंदा हूँ. चालीस बरस छिपाया, अब घर में सब को मालूम हो गया. माफ़ कर दीजिए. मगर यक़ीन मानिए, नाव के चलने में उस से कोई फ़र्क़ नहीं आता.’

वाचलंत ना? चाळीस वर्षं! चाळीस वर्षं तळाला भोक आणि वर म्हणे फरक पडत नाही. मी ते पत्र घेऊन तडक कोठीच्या बाजारात गेलो, सहा झेरॉक्स काढल्या आणि शिक्षकांच्या खोलीत वाटल्या. गुन्हा कबूल होता, लेखी. सगळे म्हणाले, कमाल आहे. इतिहासाच्या बाई तर म्हणाल्या, ग्राहक मंचात जा. पण मी मोठ्या मनाचा. म्हातारा माणूस परदेशी चाललाय, म्हटलं, जाऊ दे. शब्द दिलाय तर होडी पाण्यावर दाखवूच, तीही त्याचं पाप निस्तरून.

मग दोन आठवडे मी आणि नरसिंहलू खपलो. ती पेटी उपटून काढली. फटीत सागाची पट्टी ठोकली, वर पुट्टी भरली, घासली, तीन हात रंग दिला. रंग नवीन आलेला, निळाभोर. बोट फिरवलं तर फट कुठं होती ते कळू नये. नरसिंहलू म्हणाला, “सर, अब इस का बाप भी नहीं डूबता.” तेही खरंच झालं. ती बुडाली नाही. बुडाली असती तर परवडलं असतं.

राहिली ती फळी. अस्सल साग, हातभर रुंदीची, लांबीला दोन माणसं शेजारी बसतील एवढी, कडा निमुळत्या, एका टोकाला हात घालून उचलायला खाच. होडीत कुठं लागेना. सुकाणू होतं, बसायला आडव्या फळ्या होत्या. मग ही कशाला? आमच्या घरात असं लाकूड पडून राहत नाही. पूजेला जोडीनं बसायला नेमका असाच पाट आम्हाला हवा होता. नरसिंहलूनं खालून दोन पट्ट्या ठोकून पाय केले, मी पॉलिश मारलं. सुधालासुद्धा आवडला. ती खाचेत हात घालून उचलून बघत म्हणाली, “सोय चांगली केली आहे.” हे तिचं वाक्य आहे बरं का. हल्ली नाकारते.

ठरलेला रविवार आला. कॅप्टनसाहेबांचं विमान पुढच्या शनिवारी होतं. ओळखीनं परवानगी काढली आणि होडी हुसेनसागरच्या काठाला नेली. निम्मी शाळा जमली. आता नवीन वाहन पाण्यात घालायचं ते काय तसंच? काठावर सतरंजी घातली, रांगोळी काढली, त्या पाटावर मी सोवळं नेसून आणि सुधा शालू नेसून जोडीनं बसलो, होडीची पूजा केली, नारळ फोडला.

कॅप्टनसाहेब बेगमसाहिबांना घेऊन आले होते. दोघं अदबीनं लांब उभे. एकमेकांपासूनही जरा लांबच. बेगमसाहिबा नवऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मला वाटलं, नवऱ्याच्या लबाडीची लाज वाटत असेल बिचारीला. मी लांबूनच नमस्कार केला, थंडसा.

“बैठ,” मी नरसिंहलूला म्हणालो.

“मेरे को तैरना नहीं आता सर.”

“तूच म्हणालास ना, बुडत नाही म्हणून? बैठ.”

शीड उभारलं. मागून वारा आला, शीड फुगलं आणि होडी अशी निघाली, काय सांगू! काठावर टाळ्या. मी एक हात वर करून सगळ्यांना दाखवला. वीस-पंचवीस वार गेलो असू. आता ऐटीत वळून परत येऊ, म्हणून सुकाणू फिरवलं.

होडीनं तोंड फिरवलं. पण जायला लागली आडवी! तोंड काठाकडे आणि चाल बुद्धाकडे. तलावातल्या खडकावर ती मूर्ती नुकतीच उभी केली होती. मी सुकाणू डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं, शीड ओढलं, सोडलं. खेकडा बरा, त्याला निदान कुठं जायचं ते ठाऊक असतं. नरसिंहलू डोलकाठीला मिठी मारून तेलुगूत देवाचा धावा करत होता. सोवळ्याचा काष्टा सुटला. काठावरच्या टाळ्या थांबल्या आणि दुसराच आवाज यायला लागला. तो कसला, हे सांगायला नकोच.

शेवटी प्रवासी नेणाऱ्या लाँचनं दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. लाँचमधल्या लोकांनी फोटो काढले.

काठावर आल्या आल्या मी कॅप्टनसाहेबांवर तोफ डागली. “देखिए आप की नाव. छेद बंद किया, फिर भी ये हाल!”

“कौन सा छेद?” त्यांनी विचारलं.

“तळाचा. जो आप चालीस साल से छिपाए.”

त्यांनी चौघांकडून होडी कलती करून घेतली, खाली वाकले आणि माझ्या गुळगुळीत निळ्या तळावरून हात फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा.

“मास्टर साब, यहाँ से तख़्ता पानी में उतरता है. तिरछी नक्को जाना बोल के. और पेटी इस लिए, कि पानी अंदर नक्को आना. तख़्ता दिया था मैं आप को, चादर में. किधर है?”

मी सोवळ्याचा काष्टा खोचायला लागलो. पण सुधानं, माझ्या धर्मपत्नीनं, सरळ सतरंजीकडे बोट दाखवलं. तिथं रांगोळीच्या मधोमध, हळदकुंकवाची बोटं उठलेला, पायांवर उभा, तख्ता होता.

मग मी विचारलंच, “मग ते पत्र? शर्मिंदा कशाबद्दल होतात?”

त्यांनी बेगमसाहिबांकडे चोरून बघितलं आणि आवाज खाली आणला. “पीछे, रंग के नीचे, नाव का पुराना नाम लिखा था. शादी से पहले की बात है. किसी का नाम था. मैं समझा, रंग खुरचे तो आप को वो मिल गया. मेरी आँखाँ कमज़ोर हैं ना, ख़त बेगम ही पढ़ के सुनाते मेरे को.”

म्हणजे बघा. मागची बाजू तर आम्ही खरवडलीही नव्हती. माझा तो सभ्य इशारा बेगमसाहिबांनी स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचला होता. मग म्हाताऱ्याला चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगावं लागलं. दोन आठवडे त्या घरात नवरा-बायकोत बोलणं नव्हतं. आणि त्या कबुलीच्या झेरॉक्स मी वाटल्या होत्या. मला लाज वाटली. खरोखर वाटली. मी म्हणालो, “माफ करा, मी फार वाईट पत्र लिहिलं.”

“नहीं नहीं,” कॅप्टनसाहेब घाईनं म्हणाले. पाहुण्याला वाईट वाटू द्यायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. “ख़त एकदम सही था आप का. नाव में खराबी है बोल के लिखे थे, अब है. बस थोड़ा जल्दी लिख दिए आप.”

इतिहासाच्या बाई त्यावर इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पाच दिवस उरले होते. नरसिंहलूनं भरलेली पट्टी फोडली, पेटी पुन्हा बसवली, पाटाचे पाय काढले. शुक्रवारी भर दुपारी आम्ही परत काठावर. कॅप्टनसाहेबांनी हातानं चाचपून तख्ता फटीत सोडला. तो असा बसला, की मला बघवेना. मी होडीत पाय टाकणार, तेवढ्यात बेगमसाहिबा पुढं आल्या.

“आप नक्को, मास्टर साब. मैं बैठती. चालीस साल उस का नाम ले के घूमी ये नाव, आज मेरे को ले के घूमेगी.”

कॅप्टनसाहेबांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. काठी त्यांनी माझ्या हातात दिली, दोघांनी पायातलं काढून माझ्यापाशी ठेवलं आणि आत बसले. डोळ्यांनी अधू झालेल्या त्या माणसानं गालावर वारा जोखला, शीड ओढलं आणि होडी वाऱ्याला कापत सरळ निघाली. त्यांनी तिला हवं तिथं वळवलं, हवं तिथून परत आणलं, पुन्हा नेलं. बेगमसाहिबा काहीतरी बोलत होत्या आणि ते मान डोलवत ऐकत होते. माझी होडी, माझा रंग, माझे दोन आठवडे, आणि मी काठावर.

तरी म्हटलं, जाऊ दे, शब्द पाळला. म्हणून जरा छाती काढून उभा राहिलो, एका हातात काठी, पायाशी दोन जोड ओळीनं लावलेले. तेवढ्यात लाँचच्या फेरीला आलेलं एक मोठं कुटुंब माझ्यासमोर थांबलं. त्यातल्या आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं, चपला काढल्या, त्या ओळीत व्यवस्थित लावल्या आणि विचारलं, “एक जोड़ी का कितना लेते?”